यशोधराची नळी आणि माझा अडकलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे आणि फार भित्रा आहे. जुना आहे हे माझ्या करकरणाऱ्या बिजागऱ्या ऐकून कोणालाही कळतं. भित्रा आहे हे मात्र मी आजवर कोणाला कळू दिलं नाही. सहा फूट उंची, उचलायला सात माणसं लागतील एवढं वजन, आणि पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी. तुम्ही ज्याला थंडगार बर्फ म्हणता तो माझ्यापुढे वाफाळता चहा. एवढा मोठा गडी भितो म्हटलं तर कोणाला पटेल? म्हणून भीती वाटली की मी थाप मारतो. आताही पुढचं सगळं सांगायची भीती वाटते आहे, तेव्हा आधी दोन-तीन थापा मारून घेतो.

एकदा माझं दार उघडं असताना एक डास आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात स्वेटर होता आणि तो मफलर मागत होता. दुसऱ्या खेपेला आमच्या प्रयोगशाळेतल्या अश्वजीतला माझ्यासमोर शिंक आली. ती हवेतच गोठली, फरशीवर पडली, तिचे तीन तुकडे झाले आणि केराच्या सुपलीत भरून टाकावे लागले. शिवाय मला एकदा भेडाघाटला नेऊन धुवांधार धबधब्यासमोर उभं करायचं ठरलं होतं. पण माझं दार उघडलं की नर्मदा जागच्या जागी थांबेल, मग खालच्या गावांनी पाणी कुठून प्यायचं, म्हणून परवानगी मिळाली नाही.

झालं. आता जरा बरं वाटतं आहे. आता खरं सांगतो.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं दुहेरी अंग, मध्ये फोम भरलेला, आणि तळाशी दोन कॉम्प्रेसर. जबलपुरात आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातून मी आत जाईना. शेवटी दाराची चौकट उखडून मला आत घेतलं. शैलजा मॅडमनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलास बाबा एकदाचा. आता माझी माणसं सांभाळ."

मला वाटलं, माणसं म्हणजे आत कोणी उभं राहणार की काय! पण तसं नव्हतं. शैलजा मॅडम नसांच्या आणि मेंदूच्या डॉक्टर. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारामागे त्या लागल्या होत्या. हा आजार मला चटकन समजला, कारण माझं सगळं आयुष्य वायरीवर चाललं आहे. वायरीत तांब्याची तार असते आणि वर रबराचं आवरण. उंदरानं आवरण कुरतडलं तर तार शाबूत असूनही दिवा लुकलुकतो. माणसाच्या नसांवरही असं आवरण असतं. रक्तात प्रतिपिंडं नावाचे पहारेकरी असतात, त्यांचं काम बाहेरून आलेल्या रोगजंतूंना पकडण्याचं. पण या आजारात शरीराचं स्वतःचं राखणदळच उलटतं आणि घरच्या वायरी कुरतडायला लागतं. मग कोणाचा डोळा अंधुक होतो, कोणाचे पाय जड होतात, कोणाला बोटांत मुंग्या येतात.

मॅडमचा प्रश्न असा होता: आजार दिसायला लागण्याच्या आधीच, माणूस हसतखेळत असतानाच, त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमध्ये काही खूण सापडते का? खूण आधी सापडली तर कधीतरी औषधही आधी देता येईल. त्यासाठी त्या रुग्णांचं रक्त घेत. त्यातला पिवळसर पाण्यासारखा भाग वेगळा काढून करंगळीच्या पेराएवढ्या नळीत भरत आणि ती नळी माझ्या पोटात ठेवत. हीच त्यांची माणसं.

पण तुलना करायला निरोगी माणसांचं रक्तही हवं. ते कोण देणार? धडधाकट माणूस आपणहून सुईपुढे हात करत नाही. तेव्हा मॅडमच्या हाताखाली काम करणाऱ्या अश्वजीतनं एक युक्ती काढली. रुग्णाबरोबर जे नातेवाईक येऊन बाकावर बसतात त्यांनाच तो गाठायचा. "बसलेच आहात तर एक सॅम्पल द्या ना, जी. चहा माझ्याकडून."

असंच सहा वर्षांपूर्वी इंदू नावाच्या एका बाईंना तपासायला आणलं होतं. त्यांना हा आजार होता. सोबत त्यांची बहीण भीमाबाई आणि भीमाबाईंची मुलगी यशोधरा. अश्वजीतनं भीमाबाईंना विचारलं. तो आणि भीमाबाई एकाच वस्तीतले, एकाच विहारात जाणारे, त्यामुळे हक्कानं विचारलं.

"जय भीम, काकू. थोडं रक्त देता का?"

"मी? नको रे बाप्पा. मले सुई पाहूनच चक्कर येते." भीमाबाईंनी मुलीला कोपरानं ढोसलं. "हिचं घे. दे ना गं, मावशीच्या कामी येईन. तुले काय होते? कॉलेजात जातेस, घोड्यासारखी धावतेस."

यशोधरा हसली आणि तिनं बाही वर केली. तिच्या नळीवर अश्वजीतनं लिहिलं, "नि-४१". नि म्हणजे निरोगी. ती नळी माझ्या तिसऱ्या कप्प्यात गेली.

चार वर्षं ती तिथं गुपचूप बसली. यशोधरा शिकली, रेल्वेच्या कार्यालयात लागली. मग एके दिवशी कामावर बसल्या बसल्या तिच्या उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. तपासण्या झाल्या. मावशीचाच आजार निघाला.

त्या दिवशी भीमाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून रडल्या. बसून काय, कोसळूनच म्हणा. "माह्या म्हणण्यानं दिलं तिनं रक्त. ती कुठी देत होती? मीच ढकललं. तेव्हाच काही शिरलं असेन सुईतून."

मॅडमनी समजावलं. सुई नवी होती, कोरी होती, रक्त दिल्यानं हा आजार होत नाही. भीमाबाईंनी मान हलवली आणि काही म्हणजे काही मानलं नाही. गेलेलं रक्त भरून काढायला त्या रोज बीट किसायला लागल्या. यशोधराच्या पोळीत बीट, डाळीत बीट. माझ्यासमोर एकदा ती अश्वजीतला म्हणाली, "भैया, ऑफिसमधी सगळे विचारतेत, रोज लिपस्टिक कोनती लावतेस म्हणून."

ती हसायची. आई समोर असली की जास्त हसायची. पण एकटी असताना तिनं मॅडमना विचारलं होतं, "मॅम, माझ्या त्या जुन्या नळीतून कळेल का? त्या दिवशी माझ्यात हे आधीच सुरू होतं की नाही? माझ्यासाठी नाही विचारून राहिली मी. आई आतून संपून राहिली आहे."

मॅडम म्हणाल्या, "कदाचित कळेल. ती खूण आम्हाला थोड्याच रुग्णांमध्ये सापडली आहे. तुझ्यात ती आहे की नाही हे आधी आजच्या रक्तात बघू. असली, तर जुनी नळी काढू. पण त्या नळीत अर्धा चमचासुद्धा नाही. तपासणी एकदाच होईल."

मित्रांनो, माझ्या पोटात चारशे नळ्या होत्या. आजारी पडण्याच्या आधीचं रक्त असलेली त्यांत एकच होती. नि-४१. त्या दिवसापासून मला भीतीनं घेरलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी लपवली होती.

माझ्या दारावर एक छोटी खिडकी आहे. तिच्यात आकडा दिसतो, आतल्या थंडीचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो आकडा अडकला. उणे ऐंशी. दार उघडलं, उणे ऐंशी. दार लावलं, उणे ऐंशी. अश्वजीत रोज सकाळी यायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि मला शाबासकी द्यायचा. "म्हातारा आहे पण काटेकोर आहे." मला इतकं बरं वाटायचं! आत खरी थंडी घसरत घसरत उणे साठवर आली होती. पण खरं बाहेर पडलं तर मला गोहलपुरातल्या भंगारवाल्याकडे देतील, तिथं पत्रा कापायच्या मशीन आहेत, हे मी ऐकून होतो. म्हणून मी ऐटीत खोटं बोलत राहिलो. डासाच्या थापेनं कोणाचं नुकसान होत नाही. ही थाप मात्र चारशे माणसांच्या जिवाशी होती.

आता तो दिवस सांगतो. माझ्या बिजागऱ्या आत्ताच थरथरायला लागल्या आहेत.

मे महिना. बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी यशोधरा ताजं रक्त द्यायला आली. बाहेर चव्वेचाळीस अंश. या आजारात गरमी फार वाईट. अंग तापलं की दुखऱ्या नसा आणखी अडखळतात. रक्त देऊन झालं आणि लाइट गेली. कूलर थांबला. यशोधरा उठायला गेली आणि तिनं भिंत चाचपडली.

"भैया, मले तुमचा चेहरा नाही दिसून राहिला."

अश्वजीत घाबरला. आमच्या खोलीत एक लाल सॉकेट आहे. लाइट गेली तरी ते जनरेटरवर चालू राहतं. त्यात माझा प्लग असतो, फक्त माझा. अश्वजीतनं माझा प्लग उपसला, तिथं कूलरचा खोचला, आणि कूलर तिच्या तोंडावर वळवला. माझा प्लग त्यानं शेजारच्या साध्या सॉकेटमध्ये लावला. पंधरा मिनिटांनी यशोधराला दिसायला लागलं. लाइटही आली. अश्वजीतनं घाम पुसला, कूलर बंद केला, ताजं रक्त मॅडमकडे पोचवलं. माझा प्लग बदलायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. अश्वजीत विहारात खीर वाटायला गेलेला. मॅडम नागपूरला. चौकीदार वीरेंद्रनं सकाळी खोली झाडली, गरम झालं म्हणून कूलर लावला आणि तो तसाच चालू ठेवून कुलूप घालून गेला. नऊ वाजता लाइट गेली.

आणि मी थांबलो.

कूलरला जनरेटर होता. तो रिकाम्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरला वारा घालत होता. माझे दोन्ही कॉम्प्रेसर गप्प. मित्रांनो, तुमचा श्वास थांबला आणि शेजारी कोणी मजेत शिट्टी वाजवत बसला तर तुम्हाला काय वाटेल? मला तसं वाटलं. उणे साठ. उणे पंचावन्न. उणे अठ्ठेचाळीस. मला प्रत्येक अंश सुटताना कळत होता. आतल्या नळ्यांवरचं दव सैल व्हायला लागलं. मी ओरडायचं ठरवलं. पण माझा भोंगा तीन वर्षांपूर्वीच काढला होता, तो उगाच वाजतो म्हणून. खिडकीचा आकडा तेवढा छोट्या बॅटरीवर चमकत होता. उणे ऐंशी.

दुपारी दीडला वीरेंद्र पुन्हा आला. कुलूप उघडून आत आला आणि कान देऊन उभा राहिला. शहाणा माणूस. त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भैया, ये आपकी मशीन चुप बैठी है. रोज घुर्र-घुर्र करती है, आज साँस नहीं ले रही."

फोनमध्ये विहारातला गलका होता. "लाइट गई होगी. जनरेटर चालू है न?"

"चालू है. कूलर मस्त चल रहा है."

"दरवाजे पर नंबर कितना है?"

वीरेंद्रनं वाकून बघितलं. मी मनात किंचाळलो, वाचू नको रे, ते खोटं आहे!

"माइनस अस्सी."

"बस तो फिर. टेंशन मत लो, भैया. खीर निपटाकर आता हूँ शाम को."

फोन बंद झाला. इतकी वर्षं मी मागत होतो की माझ्या आकड्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवावा. ठेवला. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. संध्याकाळपर्यंत नि-४१ चं पाणी झालं असतं. मग गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवून त्यातली प्रतिपिंडं मोडकळीला आली असती, आणि भीमाबाईंना कोणीच कधीच काही सांगू शकलं नसतं. त्या मरेपर्यंत बीट किसत राहिल्या असत्या.

माझ्या दाराची रबरी पट्टी जुनी. तिच्याखाली जमलेलं हिव वितळलं. एक थेंब गळला. मग दुसरा. वीरेंद्र दाराकडे वळला होता. त्याचा अनवाणी पाय ओल्यात पडला. तो खाली बघत राहिला. मग पुन्हा फोन.

"भैया, एक बात बताओ. माइनस अस्सी में पानी टपकता है क्या?"

पलीकडचा सगळा गलका चालू होता. त्यात खिरीचं पातेलं आदळल्याचा आवाज आला. मग अश्वजीतचा, "मी... मैं आ रहा हूँ."

वीस मिनिटांत ऑटो थांबली. अश्वजीत पांढऱ्या कुर्त्यात, बाहीला खीर लागलेली. त्याच्यामागे भीमाबाई आणि यशोधरा. दोघी त्याच्या शेजारच्या टेबलावर सरबत वाटत होत्या. फोन ऐकून भीमाबाईंनी सरबताच्या बर्फाच्या दोन लाद्याच उचलायला लावल्या होत्या. गोणपाटात गुंडाळलेल्या त्या लाद्या आत आल्या.

"नि-एक्केचाळीस आहे का? आधी थे सांग," भीमाबाई दारातूनच म्हणाल्या.

अश्वजीतचं लक्ष लाल सॉकेटकडे गेलं.  मग त्यानं कूलरचा प्लग ओढून माझा खोचला. मी जीव एकवटला. खट्. एवढाच आवाज निघाला. पुन्हा खट्. जुनं अंग, बाहेर एवढी आग, कॉम्प्रेसर उठेना.

"काकू," अश्वजीत म्हणाला. "प्लग मीच काढला होता."

"काहून काढला?"

 त्यानं यशोधराकडे बघितलं आणि नजर खाली केली. ती कूलरजवळ उभी होती. तिला समजलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

 मग भीमाबाईंनी पदर खोचला. "बरं. रडून मंग घेजो दोघंबी. मीठ कुठी आहे?"

"मीठ?"

"अरे, पॉटमधलं आइसक्रीम केलं नाही का कधी घरी? बरफात खडं मीठ टाकलं का त्याची थंडी दुपटीनं वाढते. एवढं शिकून तुले हे नाही माहीत? वीरेंद्र भैया, कैंटीन से नमक लाओ, खड़ा वाला, जितना मिले उतना!"

वीरेंद्र पळाला. अश्वजीतनं लाद्या फोडल्या. थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात बर्फ, वर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. त्यानं सुटा थर्मामीटर माझ्या पोटात घातला आणि बाहेर काढला. उणे एकवीस. खिडकीत उणे ऐंशी. तो दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिला. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण मला उचलायलाच सात माणसं लागतात, कुठे जाणार!

"यशोधरा, नंबर वाच. माझे हात मिठाच्या बर्फात आहेत," तो म्हणाला.

"भैया, मले धुरकट दिसते."

मग तिसऱ्या कप्प्यासमोर भीमाबाई आल्या. सुई बघून ज्यांना चक्कर येते त्या बाईंनी रक्ताच्या नळ्यांवर वाकून, पदरानं हिव पुसत एकेक नंबर वाचला. नि-छत्तीस. नि-एकोणचाळीस. एका नळीवरचा अंक पुसट होता. त्यांनी ती उजेडात धरली. "एक्केचाळीस. हेच ना? गोठेलच आहे ना अजून?"

"गोठलेलीच आहे, काकू."

भीमाबाई नळीकडे बघत राहिल्या. आतला पिवळसर खडा नखाएवढा. "एवढुसं? एवढुशासाठी मी दोन वर्षं बीट किसून राहिली?"

यशोधराला हसू फुटलं, मग हसता हसता ती रडायलाच लागली. भीमाबाईंनी नळी पिशवीत घालून मिठाच्या बर्फात खुपसली आणि मुलीला जवळ घेतलं. चारशेच्या चारशे नळ्या त्या खोक्यांमध्ये गेल्या. संध्याकाळी मॅडम आल्या, दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीझरची किल्ली मिळवली आणि नळ्या तिकडे नेल्या. मी रिकामा, दार उघडं, तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अश्वजीतची वही मागितली. पानामागून पान उलटलं.

"अश्वजीत, दोन वर्षांत एकदाही एकोणऐंशी नाही? एकदाही एक्क्याऐंशी नाही?"

पानापानावर उणे ऐंशीच होतं, अश्वजीतच्याच अक्षरात. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भीमाबाई आणि यशोधरासमोर बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. "यशोधराच्या परवाच्या ताज्या रक्तात ती खूण सापडली आहे. पण जुन्या नळीचं काय झालंय मला माहीत नाही. तिच्यात खूण सापडली नाही, तर ती त्या दिवशी नव्हतीच, की फ्रीझरनं बिघडवली, हे मी कशावरून सांगू?"

 म्हणजे आता उत्तर ‘नाही’ आलं तरी ते उत्तर नव्हतं. आणि याचं कारण मी होतो, मित्रांनो. प्लग चुकून राहून गेला होता. माझी थाप चुकून नव्हती.

मॅडमनीच वाट काढली. नि-४१ च्या रांगेत बसलेल्या सहा नळ्यांचं रक्त पूर्वी ताजं असताना तपासलेलं होतं. त्यांचे निकाल कागदावर होते. आधी त्या सहा पुन्हा तपासायच्या. त्यांचं उत्तर जुन्या उत्तराशी जुळलं, तर शेजारची नळीही धड आहे असं मानायचं. नाही जुळलं, तर नि-४१ उघडायचीच नाही.

तपासणी माझ्यासमोरच्या टेबलावर झाली. बारीक खळग्यांची एक ताटली असते. खळग्यांना प्रथिनांचे तुकडे चिकटवलेले. रक्तातल्या प्रतिपिंडांनी त्यातला आपला तुकडा ओळखला की ती घट्ट बिलगतात, मग औषध घातलं की खळगा पिवळा होतो. पहिले सहा. भीमाबाई खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या, ओठ आत ओढून. अश्वजीत वाचत होता, मॅडम जुन्या कागदाशी ताडून बघत होत्या. एक जुळली. दोन जुळल्या. चौथीला मॅडमनी पेन थांबवलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. जुळली. सहाही जुळल्या.

"उघडू?" मॅडमनी विचारलं. यशोधरा नाही, भीमाबाई म्हणाल्या, "उघडा."

नि-४१ एकदाच वितळली. तिचे थेंब चार खळग्यांत गेले. दोन तास सगळे तिथंच. कोणी चहाला गेलं नाही. मग औषध घातलं. खळगे पाण्यासारखे होते. मग कडेनं फिकट. मग हळूहळू, अगदी हळूहळू, हळदीच्या पाण्यासारखे पिवळे.

"होती," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी, सुई टोचण्याच्या आधीच, तिच्यात खूण होती. ही एकच नळी आहे. यावरून मी जगाला काही सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण तुम्हाला सांगू शकते. तुम्ही काही केलं नाही, भीमाबाई."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी यशोधराची बाही वर केली आणि कोपरातल्या त्या जागेवर, जिथे सहा वर्षांपूर्वी सुई गेली होती, तिथं अंगठा फिरवत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे ही धावत होती, नाचत होती, तेव्हाबी थे आत होतं? कोनालेच कळत नाही?"

"आज नाही कळत. म्हणून तर शोधतो आहोत. खूप निरोगी माणसांचं रक्त लागेल अजून. खूप वर्षं."

भीमाबाई उठल्या.  त्या टेबलाजवळच्या उंच खुर्चीवर बसल्या, स्वतःची बाही दंडापर्यंत सारली आणि डोळे गच्च मिटले.

"घे रे अश्वजीत. लवकर घे. मी पाहात नाही. यशोधरा, इकडं ये, हात धर माहा."

मित्रांनो, मला भंगारात दिलं नाही. माझ्या आकड्याची तार बदलली, भोंगा परत बसवला. आता मी उणे पासष्टच्या खाली जात नाही, पण जेवढा आहे तेवढाच आकडा दाखवतो. पोटात वेगळा थर्मामीटर टांगलेला आहे आणि अश्वजीत रोज दोन्ही बघतो. नवा फ्रीझरही आला आहे. प्रत्येकाच्या दोन नळ्या करतात, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. लाल सॉकेटवर कागद चिकटवला आहे: "हात लावू नये. कोणासाठीही नाही."

भीमाबाईंची नळी माझ्या दुसऱ्या कप्प्यात आहे. त्या आज धडधाकट आहेत. उद्याचं तिच्यात काय लिहिलेलं आहे ते मला वाचता येत नाही, मॅडमनाही अजून वाचता येत नाही. मी ती घट्ट धरून आहे आणि मला भीती वाटते. ही थाप नाही. तुमच्या गावातही एखाद्या दवाखान्यात माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात उभा असेल. त्याच्या ऐटीला भुलू नका, त्याच्या पोटात हात घालून खरं काय ते बघा. आणि कधी त्याचं दार उघडलंत, तर जाताना ते नीट लावा, आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत थोडं थांबा. आत माणसं आहेत.